सात तटांचं नगर

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवलं. आमच्याकडे 'बोलक्या भिंती' असतात. व्हरांड्यात बाराखडी, पायऱ्यांवर पाढे. खिचडीच्या रांगेत उभ्या उभ्या पोरं सातचा पाढा शिकलेली मी पाहिली आहेत. म्हणूनच तोमासो कांपानेल्लाचं 'सूर्यनगर' वाचताना मी त्याच्या भिंतींपाशी थबकले.

कांपानेल्ला दक्षिण इटलीतल्या स्तिलो गावचा, जन्म 1568 चा. बाप जोडे शिवायचा, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोरगा डॉमिनिकन संन्यासी झाला. स्पॅनिश सत्तेविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून 1599 मध्ये धरला गेला आणि नेपल्सच्या तुरुंगात पडला. तिथे त्याने वेडाचं सोंग घेतलं. ते खरं की खोटं हे पारखायला 1601 मध्ये त्याला दीड दिवस झोपू न देता छळलं. सोंग सुटलं नाही, म्हणून जीव वाचला. पुढच्याच वर्षी कोठडीत बसून त्याने हे नगर लिहिलं.

डोंगरावर सात गोल तट, त्यांना सात ग्रहांची नावं. तटांवर चित्रं: भूमितीच्या आकृत्या, देशोदेशींच्या लिप्या, धातू, झाडं, मासे, पक्षी, किडे, अवजारं. तीन वर्षांच्या आतली मुलं वडीलधाऱ्यांबरोबर फिरता फिरता अक्षरं ओळखतात. पुढे त्यांना कारागिरांकडे नेतात, कुणाचा कल कुठे आहे ते पाहायला. लॅटिन आवृत्तीत त्या कारागिरांमध्ये जोडे शिवणाराही आहे. तिथे मला त्याचा बाप दिसतो.

नेपल्सच्या 70 हजार माणसांत जेमतेम 10-15 हजार काम करतात आणि तीच राबून मरतात, असं तो लिहितो. त्याच्या नगरात सगळेच राबतात, म्हणून दिवसाला चार तास पुरतात. थॉमस मोरच्या 1516 च्या 'युटोपिया'त सहा तास होते. मोरच्या बेटावर गुलामही होते. कांपानेल्ला नगरात गुलाम ठेवत नाही, पण युद्धकैद्यांना बाहेर खंदक खणायला लावतो. ते मला खुपतं.

त्याहून जास्त खुपतं ते हे, की जोड्या अधिकारी ग्रह पाहून ठरवतात आणि अंगावरचं दूध सुटलं की मूल आईकडून काढून घेतात. पहिलीच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या खिडकीला चिकटून उभ्या राहिलेल्या आया मी दरवर्षी पाहिल्या आहेत. इथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही.

पुस्तक 1623 मध्ये फ्रँकफुर्टला लॅटिनमध्ये छापून निघालं. तेव्हा कांपानेल्ला अजून आतच होता. नेपल्सचा तुरुंग सुटायला 1626 साल उजाडलं.