बाईला मत द्यावे का? १९६५ सालचे एक उत्तर

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाल्याची बातमी आली, की मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो: "बाईला निवडून देणे इस्लामला मंजूर आहे का?" विचारणारा बहुधा स्वतःच तिकिटाची वाट पाहत असतो. प्रश्न जुना आहे. पाकिस्तानात १९६४ च्या हिवाळ्यात तो देशभर गाजला. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या फातिमा जिना.

फातिमा जिनांचे आपल्या मुंबईशी जुने नाते होते. वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या शिकल्या, कलकत्त्याहून दंतवैद्यक शिकून आल्या आणि १९२३ मध्ये मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना उघडला. मुसलमान मुलीने शाळेत जाणेही नवलाचे होते, त्या काळातली ही गोष्ट. पुढे भावाला साथ देण्यासाठी त्यांनी दवाखाना बंद केला. १९४८ मध्ये महंमद अली जिना गेले, त्यानंतर त्या राजकारणापासून बऱ्याच दूर राहिल्या.

१९५८ मध्ये जनरल अयूब खान यांनी लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली. त्यांनी जी निवडणूक पद्धत आणली, तिच्यात सामान्य माणसाला राष्ट्राध्यक्ष निवडता येत नव्हता. लोकांनी ८०,००० स्थानिक प्रतिनिधी निवडायचे, पूर्वेत ४०,००० आणि पश्चिमेत ४०,०००, आणि या प्रतिनिधींनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा. पाच विरोधी पक्ष एकत्र आले. अयूबसमोर टिकेल असे नाव त्यांना एकच दिसले. ७१ वर्षांच्या फातिमा जिना तयार झाल्या. प्रौढ मताधिकार आणि थेट निवडणूक ही त्यांची मुख्य मागणी होती.

मग फतवे निघाले. स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकत नाही, असे सांगणारे उलेमा अयूबच्या बाजूने उभे राहिले. गंमत अशी, की याच अयूबनी १९६१ मध्ये कौटुंबिक कायद्याचा अध्यादेश काढून बहुपत्नीत्वावर बंधन घातले होते. तेव्हा अनेक उलेमांनी त्यांच्यावर शरीयतमध्ये ढवळाढवळ केल्याचा आरोप केला होता. दुसऱ्या बाजूला जमाते-इस्लामी. राज्याचा प्रमुख पुरुषच हवा, ही मौलाना मौदूदींची भूमिका त्यांच्या लेखनात छापलेली होती. तरीही जमातने फातिमा जिनांना पाठिंबा दिला. परिस्थिती असाधारण असेल तर स्त्रीही चालते, असा युक्तिवाद झाला. आणि याच विरोधी आघाडीच्या कार्यक्रमात १९६१ चा तो अध्यादेश बदलण्याचे कलमही होते! स्त्रियांना थोडेफार संरक्षण देणारा शासक स्त्रीविरोधी फतव्याच्या आडोशाला, आणि ते संरक्षण नको असणारे स्त्री उमेदवाराच्या मागे. धर्मग्रंथ तोच होता. सोय मात्र ज्याची त्याची होती.

लोकांचे काय? ढाक्याहून चितगावकडे निघालेली त्यांची रेल्वेगाडी तासन्‌तास उशिरा पोहोचली, कारण स्टेशनास्टेशनावर लोक साखळी ओढून ती थांबवत होते. त्यांना फातिमा जिनांचे भाषण ऐकायचे होते.

२ जानेवारी १९६५ ला मतदान झाले. अयूबना ४९,९५१ मते मिळाली, फातिमा जिनांना २८,६९१. "पाहा, मुसलमानांनी बाईला नाकारले," असे सांगायला हे आकडे सोयीचे आहेत. पण ते नीट फोडून पाहावेत. पूर्व पाकिस्तानात अयूबना २१,०१२ आणि फातिमा जिनांना १८,४३४ मते होती. पश्चिमेत अयूब २८,९३९, फातिमा जिना १०,२५७. ढाका आणि कराची या शहरांत त्या जिंकल्या. बाई तीच, धर्म तोच, फतवेही तेच. मग पूर्वेत जवळपास निम्मी मते आणि पश्चिमेत जेमतेम चौथा हिस्सा, हे कसे? पूर्वेला केंद्राचा अन्याय जाणवत होता, म्हणून तिथले मत बदलाच्या बाजूने झुकले. आणि मत देणाऱ्या प्रतिनिधींच्या हाती सरकारी निधी होता, डोक्यावर सरकारी अधिकारी होते. त्यांचा हिशेब सामान्य मतदारासारखा कसा असणार?

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. लोकांनी फातिमा जिनांना स्वीकारले ते 'मादर-ए-मिल्लत' म्हणून, कायदे-आझमची बहीण म्हणून. पुढे १९८८ मध्ये बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या त्या बापाची लेक म्हणून. ज्या पूर्वेने फातिमा जिनांना साथ दिली, तिथे बांगलादेश झाल्यावर १९९१ मध्ये खालिदा झिया आणि १९९६ मध्ये शेख हसीना निवडून आल्या. एक विधवा, दुसरी मुलगी. उपखंडातला मतदार बाईला मत देतो, पण आधी विचारतो, ही कुणाची कोण?

आपल्याकडे महाराष्ट्रातही २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. मुस्लिम स्त्रिया निवडून येतात, मतदार त्यांना मते देतात. पण काही बॅनरवर पतीचा फोटो ठळक असतो आणि उमेदवाराचे फक्त नाव. कधी तेही 'अमक्याची पत्नी' एवढेच.

म्हणून टपरीवरचा तो प्रश्न पुन्हा निघाला, की विचारणाऱ्याला १९६५ चे आकडे सांगावेत. मतदाराने उत्तर केव्हाच दिले आहे. आता त्या बॅनरवर तिचा चेहरा यायला हवा, आणि तो छापायचा की नाही हे ठरवणारा माणूस मतदार नसतो.