निजलेले मूत्रपिंड

हैदराबादेतील हिमायतनगर हे नाव सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्यावरून पडले. निझाम ज्या किंग कोठीत राहत, ती येथून पायी जाण्याइतकी जवळ. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या काळी नांदेड-परभणीचा माणूस कोर्टकचेरीसाठी किंवा शिक्षणासाठी या शहरात येई. राज्य गेले, कचेऱ्या मुंबईला गेल्या. पण दुखणे मोठे झाले की हैदराबादची वाट धरायची, ही मराठवाड्याची सवय मात्र गेली नाही. काचीगुड्याच्या स्थानकावर पहाटे उतरायचे, हिमायतनगर-नारायणगुड्याच्या एखाद्या गल्लीत खोली भाड्याने घ्यायची आणि शहरातील रुग्णालयात येरझारा घालायच्या.

अशा एखाद्या खोलीत संध्याकाळी कान देऊन बसले, तर टेलिफोनवर एकच प्रश्न ऐकू येईल. "काय हो, आज किती झाली?" रुग्णालयात बसलेला भाऊ सांगतो, "साठ." साठ म्हणजे साठ मिलिलिटर, चहाच्या लहान कपाइतकीसुद्धा नव्हे. प्रश्न लघवीचा असतो. एरवी जो विषय चारचौघांत कोणी काढीत नाही, त्याच्यावर साऱ्या घराचे चित्त लागून राहिलेले असते. कारण मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले आहे, शस्त्रक्रिया नीट पार पडली आहे, डॉक्टरही शिलाईवर समाधानी आहेत, आणि ते नवे मूत्रपिंड मात्र अद्याप काम करीत नाही. "किडनी झोपली आहे, उठेल," असे डॉक्टर सांगतात. आठ दिवस होतात, बारा होतात. दिवसाआड डायलिसिस चालूच असते. मग घरच्यांच्या मनात साहजिकच येते, की ज्या यंत्रातून सुटण्यासाठी एवढे केले, त्याच यंत्रापाशी परत यावयाचे होते काय?

या वाट पाहण्याला इतिहास आहे, आणि तो समजला तर ती थोडी तरी सुसह्य होते. निजलेले मूत्रपिंड आणि मेलेले मूत्रपिंड यांत फरक असतो, ही गोष्टच मुळी मनुष्याला ऐंशीपंचाऐंशी वर्षांपूर्वीपर्यंत नीटशी ठाऊक नव्हती. ठाऊक होणार तरी कशी? मूत्रपिंड जागे होण्याच्या आधी रोगीच दगावत असे.

१९३३ च्या एप्रिलमध्ये युक्रेनमधील खेर्सन शहरी युरी वोरोनॉय या शल्यचिकित्सकाने माणसाचे मूत्रपिंड माणसाला बसविण्याचा पहिला प्रयोग केला. रोगी सव्वीस वर्षांची स्त्री होती. तिने पाऱ्याचे विष घेतले होते आणि त्या विषाने तिची मूत्रपिंडे बंद पडली होती. मरून काही तास झालेल्या एका वृद्धाचे मूत्रपिंड काढून वोरोनॉयने ते तिच्या मांडीवर जोडले. तिची स्वतःची मूत्रपिंडे सावरेपर्यंत या परक्या मूत्रपिंडाने वेळ निभावून न्यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती. थोडी लघवी झाली, मग थांबली, आणि दोन दिवसांत बाई गेली. रक्तगट जुळत नव्हते, हेही खरे. परंतु वेळ निभावून न्यावी, ही जी त्याची कल्पना, ती काळाच्या पुढची होती, असे मला वाटते.

पुढचा धडा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर युद्धाच्या ढिगाऱ्यात मिळाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना घरांच्या ढिगाऱ्याखाली तासन्‌तास दबून राहिलेली माणसे बाहेर काढली जात. प्रथम ती बरी दिसत. मग लघवी आटे आणि काही दिवसांत मृत्यू येई. १९४१ मध्ये बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी अशा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. इजा हातापायांना, आणि मेली मात्र मूत्रपिंडाच्या आतील नलिकांची पेशी! यातूनच पुढे हेही उमगत गेले, की नलिकांचे अस्तर गळून पडले तरी त्यांचा सांगाडा टिकून असतो आणि वाचलेल्या पेशी वाढून त्याला नवे अस्तर चढवू शकतात. फक्त त्याला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात.

ते दिवस विकत घेण्याचे साधन त्याच युद्धकाळात हॉलंडमधील कांपेन नावाच्या लहानशा गावी तयार होत होते. विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनविले. ही सेलोफेनची नळी म्हणजे खाटकाकडे मांसाची सारणे भरण्यासाठी असते, तीच. १९४३ पासून एकामागून एक रोगी त्याच्या हाताखाली गेले आणि जवळजवळ सगळे मेले. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये सदुसष्ट वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आली. काही तास यंत्र चालले, बाई शुद्धीवर आली, आणि पुढे तिची स्वतःची मूत्रपिंडे हळूहळू चालू लागली. ती त्यानंतर काही वर्षे जगली. यंत्राने तिला बरे केले नाही. यंत्राने तिला थांबवून धरले, आणि मूत्रपिंडाने आपले आपण काम केले.

हे आपल्याकडील शेतकऱ्यालाही दिसत आले आहे. महाराष्ट्रात घोणस चावल्यावर विषाने लघवी बंद पडलेले कितीतरी रोगी रुग्णालयांत येतात. त्यांना प्रतिविष देतात, डायलिसिसवर ठेवतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी त्यांतील अनेकांची लघवी पुन्हा सुरू होते. नव्या मूत्रपिंडाची झोप बहुतेक वेळा याच जातीची असते. दात्याच्या शरीरातून निघाल्यापासून घेणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडले जाईपर्यंत ते बर्फाच्या पेटीत रक्तावाचून असते. दात्याचा रक्तदाब शेवटच्या घटकांत खाली गेला असेल, तर इजा तेथूनच सुरू झालेली असते. आणि विलक्षण गोष्ट अशी, की पुन्हा ताजे रक्त मिळते त्या क्षणी पेशींना आणखी एक तडाखा बसतो. म्हणून डॉक्टर झोप म्हणतात खरे, पण आत चाललेली असते ती डागडुजी.

जिवंत दात्याच्या बाबतीत हा प्रसंग क्वचित येतो. बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले. ते लगेच चालले आणि रोगी आठ वर्षे जगला. मरे यांना या कार्यासाठी १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण लगेच चालणे म्हणजे टिकणे नव्हे. त्याआधी १९५२ च्या नाताळात पॅरिस येथे एका मातेने आपल्या मुलाला दिलेले मूत्रपिंडही तत्काळ चालले होते. बाविसाव्या दिवशी शरीराने ते नाकारले आणि मुलगा गेला.

या नाकारण्यानेच वाट पाहणे फार कठीण करून ठेवले. १९६० नंतर मृत दात्यांची मूत्रपिंडे बसविली जाऊ लागली, तेव्हा लघवी होत नसलेल्या रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला दोन शक्यता दिसत. मूत्रपिंड निजले आहे, की शरीर त्याला हुसकून लावीत आहे? पहिल्यात स्वस्थ बसावयाचे असते, तर दुसऱ्यात औषधे वाढवावयाची असतात. आणि चुकून औषधे वाढविली, तर रोगी जंतुसंसर्गाने दगावण्याची भीती. आज सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि ध्वनिलहरींनी रक्ताचा ओघ तपासतात. दहाव्या दिवशी डॉक्टर "तुकडा घ्यावा लागेल" म्हणाले की नातेवाईक घाबरतात; वस्तुतः अंधारात औषधे न देण्यासाठीच ते असते.

भारतात पहिले मूत्रपिंडरोपण १९६५ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या चमूने केले, तेही मृत दात्याचे मूत्रपिंड घेऊन. ते यश टिकले नाही. जिवंत दात्याकडून पहिले यशस्वी रोपण वेल्लोरला १९७१ मध्ये झाले, आणि पुढे बराच काळ आपल्याकडे आई, बहीण, पत्नी यांचीच मूत्रपिंडे येत राहिली. (पत्नीची पतीला किती आणि पतीची पत्नीला किती, हा हिशेब कोणी मांडला तर तो आपल्याला शोभणारा नसेल.) १९९४ च्या कायद्याने मेंदूच्या मृत्यूला मान्यता दिली. हैदराबादेत २०१३ पासून 'जीवनदान' योजनेतून मृत दात्यांचे अवयव यादीप्रमाणे दिले जाऊ लागले. ज्यांच्या घरी देणारे कोणी नव्हते त्यांची सोय झाली, आणि त्याबरोबर हे वाट पाहणेही आले. अमेरिकेतील नोंदी पाहता मृत दात्याच्या साधारण चार-पाच मूत्रपिंडांतील एक पहिल्या आठवड्यात डायलिसिस मागते. त्यांतील बहुतेक जागी होतात. थोडी कधीच जागी होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

एका फसवणुकीबद्दल सांगायचे राहिले. जुनी मूत्रपिंडे सहसा काढीत नाहीत. नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस बसवितात. ज्याला आधीपासून थोडी लघवी होत होती, त्याच्या पिशवीतील साठ मिलिलिटर जुन्याचे की नव्याचे, हे पाहून कळत नाही. म्हणून डॉक्टर पिशवीपेक्षा रक्तातील क्रिएटिनिनकडे अधिक पाहतात. डायलिसिस न करताही तो आकडा वाढावयाचा थांबला, की त्यांचा चेहरा बदलतो. घरच्यांना मात्र त्या दिवशी पिशवी कालच्यासारखीच दिसते.

मग दोन-तीन दिवसांत वहीतले आकडे वाढू लागतात. साठ, एकशे ऐंशी, चारशे, नऊशे. कधी एकदम दोन-तीन लिटर. कारण नवे अस्तर अजून कच्चे असते आणि त्याला पाणी राखता येत नाही. ज्या माणसाला वर्षानुवर्षे पाण्याचा पेला मोजून मिळाला, बर्फाचा खडा चघळून ज्याने हैदराबादचे उन्हाळे काढले, त्याच्या खाटेपाशी परिचारिका तांब्या घेऊन येते आणि दटावून सांगते, की हे सगळे पाणी संध्याकाळच्या आत संपले पाहिजे.