पहार, गिरमिट आणि माझा फसलेला चॅप्टर

मागच्या महिन्यात पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मुलीने मेल केला. तिचा प्रश्न साधा होता: यंत्राचा इतिहास लिहायचा म्हणजे शोध कुणी लावला, कधी लावला आणि पुढे काय सुधारणा झाल्या, एवढंच ना? मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटत होतं आणि त्यापायी थीसिसचा एक अख्खा चॅप्टर मला बाजूला ठेवावा लागला. सहा महिन्यांचं काम होतं. ते कसं फसलं तेच आज सांगतो.

मी सध्या अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात असतो आणि माझा विषय आहे गोठलेल्या तळ्यांवरची मासेमारी आणि तिची अवजारं. घरी फोनवर हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन भोकं पाडायला शिकतोस होय!" तिचं अगदीच चुकलं नव्हतं. इथे डिसेंबर ते मार्च तळी गोठलेली असतात. स्वच्छ, नवा बर्फ ४ इंच जाड झाला की माणूस त्यावर चालू शकतो. आणखी जाड झाला की स्नोमोबाईल आणि मग गाड्यासुद्धा तळ्यावर जातात. बर्फाला भोक पाडायचं, त्यातून गळ सोडायचा आणि वाट बघायची, एवढीच ही मासेमारी. आणि ते भोक पाडायचं आजचं यंत्र म्हणजे पॉवर ऑगर.

सुताराचं गिरमिट आठवा. तेच माणसाच्या कमरेइतकं उंच करा, खाली दोन पाती लावा आणि वर मुठीच्या जागी इंजिन किंवा बॅटरीची मोटार बसवा. झालं पॉवर ऑगर. इंजिन प्रचंड वेगाने फिरतं, मधले गिअर तो वेग उतरवतात आणि त्या बदल्यात जोर वाढतो. खालची पाती बर्फ खरवडतात आणि मळसूत्रासारखा पत्रा तो भुसा वर आणतो.

मी पहिल्यांदा हे चालवलं ते मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर. तळं म्हणायचं, पण क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त. बर्फ साधारण दोन फूट होता. ज्यांनी मला नेलं होतं ते सत्तरीतले गृहस्थ. त्यांनी आधी पाय फाकवून उभं राहायला लावलं, यंत्र सरळ धरायला सांगितलं आणि अजिबात दाबू नको म्हणाले. पाती धारदार असतील तर यंत्र स्वतःच्या वजनानेच खाली जातं. मी अर्थात दाबलं. पाती अडकली आणि यंत्राने बर्फाऐवजी मलाच फिरवायचा प्रयत्न केला. मनगट चार दिवस दुखत होतं. मग कळलं की बोट सुटताच मोटार बंद करणाऱ्या स्विचचं इतकं कौतुक का असतं. दुसऱ्या वेळी नीट जमलं: तळाचं पाणी लागायच्या आधी यंत्र फिरतं ठेवूनच एकदा वर ओढायचं, भुसा बाहेर काढायचा, मग शेवटचा थर कापायचा. पाणी भसकन वर येतं आणि बूट भिजतात.

परत आल्यावर मी एक हिशेब केला. दोन फूट बर्फात ८ इंच व्यासाचं भोक पाडलं तर सुमारे १८ किलो बर्फ निघतो. व्यास १० इंच केला तर सुमारे २८ किलो. दोनच इंचांचा फरक, पण काम दीडपटीहून जास्त, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. हे १८ किलो पूर्वी लोखंडी पहारेने फोडून काढावे लागत. या आकड्यांवर मी इतका खूश झालो की चॅप्टरचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावरच उभा केला.

युक्तिवाद असा होता. आधी पहार होती. बर्फ फोडायची लोखंडी छिन्नी किंवा पहार हडसन्स बे कंपनीच्या अठराव्या शतकातल्या मालाच्या याद्यांत सापडते. कातड्यांच्या बदल्यात ती मूळनिवासी शिकाऱ्यांना दिली जाई आणि हिवाळ्यात बीव्हरची घरं फोडायला वापरली जाई. मग गिरमिट आलं. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधले बर्फाचे व्यापारी तळ्यातला बर्फ कापण्याआधी गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजत. (हाच तो धंदा, ज्यात मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि १८३४ मध्ये मुंबईला पोचला. मुंबईत जमशेटजी जीजीभॉयांच्या घरी त्या बर्फाचं आइस्क्रीम खाऊन पाहुण्यांना सर्दी झाल्याचा किस्सा बहुतेकांनी ऐकलेला असतो.) पुढे मासेमारांची हातगिरमिटं आली. त्यात स्वीडनच्या मोरा गावाचं नाव पुढे एक ब्रँडच बनून गेलं. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, चेनसॉसारख्या अवजारांमुळे छोटी दोन-स्ट्रोक इंजिनं हलकी झाली तेव्हा ती गिरमिटाच्या डोक्यावर बसली. विस्कॉन्सिन राज्यातल्या शेबॉयगन फॉल्सच्या फेल्डमन कंपनीचं ‘जिफी’ हे त्यातलं जुनं नाव.

आणि निष्कर्ष: भोक स्वस्त झालं, म्हणून मासेमार बदलला. पूर्वी एका भोकापाशी तासन् तास बसणारा माणूस आता वीस-तीस भोकं पाडत माशाच्या मागे फिरू लागला. वाचायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

गाईडने ड्राफ्ट वाचला आणि समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला: मग मधली तीस वर्षं लोक काय करत होते?

मी आधी चिडलो. मग तारखा एका कागदावर ओळीने लिहून काढल्या. मोटारीचं गिरमिट १९५०च्या दशकात बाजारात होतं. पाण्यात ध्वनिलहरी सोडून खाली मासा आहे का ते दाखवणारं छोटं सोनार यंत्र लोरन्स कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीस सामान्य मासेमारांना विकायला काढलं. स्की-डू ही स्नोमोबाईल १९५९ची. म्हणजे १९६० साल उजाडताना भोक पाडायला यंत्र होतं, खाली बघायला यंत्र होतं आणि बर्फावरून भटकायला वाहनही होतं. तरी फिरत्या मासेमारीची लाट आली ती १९८०च्या दशकात. माझ्या चॅप्टरमध्ये ही तीस वर्षं चक्क गायब होती. खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त दोन तारखांच्या मध्ये ‘म्हणून’ हा शब्द टाकला होता.

उत्तर मिळालं ते त्या सत्तरीतल्या गृहस्थांच्या अंगणात. तिथे त्यांचं जुनं ‘फिश हाऊस’ पडून आहे. लाकडी खोपटं, आत शेगडी, बाकडी आणि जमिनीत भोकांसाठी झाकणं. हे ओढत तळ्यावर न्यायचं आणि हंगामभर तिथेच ठेवायचं. (मार्चमध्ये ठरलेल्या तारखेआधी ते काढून आणावंच लागतं, नाहीतर दंड.) त्यांनी पहिलं मोटारीचं गिरमिट घेतलं तेव्हा काय बदललं, असं मी विचारलं. त्यांचं म्हणणं होतं की काही नाही. तीच भोकं, फक्त लवकर. उणे वीस अंशांत उब त्या खोपटात होती आणि खोपटं हलवायचं म्हणजे अर्धा दिवस. भोक कितीही स्वस्त होऊ द्या, खोपटं महागच होतं. १९९३चा ‘ग्रम्पी ओल्ड मेन’ हा सिनेमा बघा, त्यातही मिनेसोटाच्या तळ्यावर अशा खोपट्यांचं गावच वसलेलं दिसतं.

हे कोडं सोडवणाऱ्यांत एक नाव सगळे घेतात, मिनेसोटाचेच डेव्ह गेंझ. त्यांनी १९८०च्या सुमारास घसरगाडीवर बसवलेला, पुढून डोक्यावरून उलटवायचा तंबू केला, ‘फिश ट्रॅप’ नावाचा. तंबू, सोनार आणि गिरमिट एका घसरगाडीत मावलं आणि उब माणसाबरोबर फिरायला लागली. आता भोक पाडायचं, सोनार बघायचं, मासा नसेल तर दहा पावलं पुढे. तीस वर्षं जुन्या यंत्राला तेव्हा नवा उपयोग मिळाला.

यातून माझ्या पद्धतीत काय बदललं ते सांगतो. पेटंटं मी आधी देवाच्या पोथीसारखी वाचत होतो. ती ऑनलाईन मिळतात, तारीख असते, आकृती असते, त्यामुळे नवख्या संशोधकाला फार आवडतात. पण पेटंटात शोधकर्त्याला कशावर हक्क सांगायचा आहे तेवढंच असतं. यंत्र कुणी, किती वेळा, कुठे वापरलं हे त्यात नसतं. त्यासाठी मी आता एक साधं, जवळपास हास्यास्पद साधन वापरतो: खरेदीचा सल्ला. कोणतं गिरमिट घ्यावं हे माणसं एकमेकांना कसं सांगतात ते बघायचं. विकत घेताना माणूस ज्याची काळजी करतो, ते त्याच्या रोजच्या कामातून आलेलं असतं.

नावंसुद्धा बोलतात. ‘जिफी’ म्हणजे चुटकीसरशी. त्या काळी विकणाऱ्याला वाटत होतं की गिऱ्हाईकाला वेग हवा आहे. २०१०च्या दशकात आलेल्या एका यंत्राचं नाव ‘आयन’. तिथे लिथियम-आयन बॅटरी हीच जाहिरात.

आजच्या सल्ल्यात पहिला प्रश्न असतो वजनाचा. दिवसाला दोन भोकं पाडणाऱ्याला दहा किलोचं की पंधरा किलोचं यंत्र याने फरक पडत नाही. चाळीस पाडणाऱ्याला पाठीचा प्रश्न असतो. दुसरा व्यास: ८ इंच बहुतेकांना पुरतं, मोठा पाईक किंवा लेक ट्राउट वर काढायचा असेल तर १०. विस्कॉन्सिनमध्ये तर १२ इंचांपेक्षा मोठं भोक पाडायला कायद्यानेच बंदी आहे. त्यानंतर पाती. सरळ धारेची पाती स्वच्छ बर्फ झरझर तासतात, पण वाळूचा एक कण लागला की बोथट होतात आणि जुनं, पुन्हा गोठलेलं भोक उघडताना अडकतात. दातेरी पाती हळू चालतात, पण तिथे मुकाट्याने काम करतात. एका जागी खोपटं ठेवणाऱ्याला रोज सकाळी तेच भोक उघडायचं असतं, त्याला दातेरी बरी. फिरणारा कायम नव्या बर्फात असतो, त्याला धारेची. पात्यांच्या या वादात मला मासेमारीच्या दोन जातीच दिसायला लागल्या.

आणि पेट्रोल की बॅटरी? पेट्रोलचं इंजिन बंद तंबूत चालवलं तर कार्बन मोनॉक्साईडने जीव जाऊ शकतो, म्हणून भोक आधी बाहेर पाडायचं आणि मग त्यावर तंबू ओढायचा, असा क्रम असतो. बॅटरीचं यंत्र तंबूच्या आत चालतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून लोक ती कोटाच्या आत अंगाशी धरून नेतात. लहान बाळासारखी!

चॅप्टरमध्ये दुसरंही एक भगदाड होतं आणि ते मला जास्त लागलं. मी ‘बर्फावरच्या मासेमारीचा इतिहास’ असं शीर्षक दिलं होतं, पण लिहिला होता फक्त गळाचा इतिहास. मिल लॅक्सच्या काठी ओजिब्वे लोक राहतात. त्यांची हिवाळी मासेमारी भाल्याची. मोठं भोक पाडायचं, वरून अंधार करायचा, म्हणजे खालचं पाणी उजळलेलं दिसतं. मग लाकडाचा कोरीव मासा पाण्यात नाचवायचा आणि खरा मासा जवळ आला की भाला. १८३७च्या करारात या प्रदेशातली जमीन देताना त्यांनी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. राज्याने तो बराच काळ मानला नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो हक्क अजून जिवंत असल्याचा निर्णय दिला. आता बघा, भाल्याच्या एवढ्या मोठ्या भोकाला आठ इंची गिरमिट फार तर सुरुवात करायला उपयोगी. तिथे करवत लागते. मी गिरमिटाच्या पेटंटांच्या मागे गेलो, त्यामुळे गिरमिट न लागणारी माणसं माझ्या इतिहासातून आपोआप बाहेर पडली. कुणी मुद्दाम काढली नव्हती. साधन निवडलं तिथेच ती गेली होती.

त्या मुलीला मी शेवटी लिहिलं की प्रपोजलमध्ये यंत्राच्या तारखेशेजारी वापराची तारीख असा दुसरा रकाना ठेव आणि तो रिकामा राहिला तर घाबरू नकोस, तिथेच काम आहे. तिने उलट विचारलं की तो रकाना भरायचा कशाने. माझ्यापुरतं सांगतो: येत्या जानेवारीत दर शनिवारी मिल लॅक्सवर जाऊन तंबूंभोवतीची आणि खोपट्यांभोवतीची भोकं वेगवेगळी मोजणार आहे. भाड्याने यंत्र ठरवून ठेवलंय, ८ इंची, बॅटरीचं. पाती दातेरी मिळाली.