जुनी ग्राफिक्स कार्डे, लिनक्स आणि ‘नूव्हो’ची धडपड

१/ ग्राफिक्स कार्ड नादुरुस्त न होताही निकामी ठरू शकते. पंखा फिरतो, चिप शाबूत असते. पण तिच्याशी बोलणारा ड्रायव्हर नव्या लिनक्सवर चालत नाही. मोडी कागद जपलेला असावा, पण तो वाचणारा उरू नये, तशी ही अवस्था. असे का घडते आणि काही कार्डे यातून कशी वाचली, याचा हा इतिहास. 🧵

२/ लिनक्सच्या कर्नलची अंतर्गत रचना सतत बदलते आणि हे जाणीवपूर्वक स्वीकारलेले धोरण आहे. कर्नलमध्ये समाविष्ट असलेले ड्रायव्हर या बदलांबरोबरच दुरुस्त केले जातात. बाहेरच्या बंदिस्त ड्रायव्हरला ही सोय नसते. त्याचा सोर्स कोड कंपनीकडेच असतो. तिने लक्ष काढून घेतले की पुढच्या एखाद्या कर्नलवर तो बंद पडतो.

३/ एनव्हिडियाचा मार्ग दीर्घकाळ हाच होता. जुन्या पिढ्या ‘लेगसी’ मालिकांत टाकल्या जात. २००६ च्या जीफोर्स ८८०० ला आधार देणारी ३४० मालिका २०१९ अखेर थांबली, तर फर्मी पिढीची ३९० मालिका २०२२ अखेर.

४/ कंपनीचा ‘एनव्ही’ हा खुला ड्रायव्हर होता. परंतु त्यात थ्रीडी नव्हते आणि त्याचा कोड मुद्दाम दुर्बोध ठेवलेला होता. २००५-०६ च्या सुमारास स्टेफान मार्शेसिन यांनी तो सुधारण्याचे काम हाती घेतले. ‘एनव्ही’ टाइप करताच त्यांचा चॅट प्रोग्रॅम ‘नूव्हो’ हा शब्द सुचवी. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘नवा’. तेच प्रकल्पाचे नाव झाले.

५/ कागदपत्रे नसताना चिपची भाषा शिकायची कशी? बंदिस्त ड्रायव्हरवर पाळत ठेवून! छोटे थ्रीडी प्रोग्रॅम चालवायचे आणि ड्रायव्हर कार्डाला कोणत्या आज्ञा देतो ते टिपायचे. ठिकठिकाणचे स्वयंसेवक आपापल्या कार्डांच्या नोंदी पाठवत. २००८ मध्ये ‘एमएमआयओट्रेस’ हे साधन कर्नलमध्ये आले. ड्रायव्हरने कार्डाच्या रजिस्टरला हात लावला की ते त्याला क्षणभर अडवी, नोंद करी आणि मग पुढे जाऊ देई.

६/ या कष्टांचे फळ म्हणजे फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नल २.६.३३ सोबत नूव्होचा मुख्य लिनक्समध्ये झालेला प्रवेश.

७/ दुसरीकडे एएमडीने २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याची घोषणा केली. २००२ च्या रेडिऑन ९७०० चा खुला ड्रायव्हर त्याआधीच, अशाच उलट्या अभ्यासातून सुरू झाला होता. वीस वर्षे उलटल्यावरही तो मेसा या ग्राफिक्स लायब्ररीच्या मुख्य शाखेत टिकून होता.

८/ नूव्होची खरी अडचण वेगाची होती. कार्ड सुरू होताना बहुधा कमी गतीवर असते. ती वाढवण्याची रीत प्रत्येक पिढीत निराळी. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस तोरवाल्ड्स यांनी एनव्हिडियाला जाहीर शिवी दिली. ती गाजली; परंतु सर्वांत भक्कम कुलूप त्यानंतर आले. २०१४ च्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून गती नियंत्रित करणाऱ्या फर्मवेअरवर कंपनीची डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य झाली.

९/ मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूल खुले केले, पण ते ट्युरिंग (२०१८) आणि पुढच्या पिढ्यांसाठी. जानेवारी २०२४ च्या कर्नल ६.७ मध्ये नूव्होलाही त्या पिढ्यांच्या फर्मवेअरचा आधार मिळाला. मधली पॅस्कल पिढी (२०१६) मात्र अधांतरी राहिली. त्याहून जुन्या केप्लरची गती नूव्होत हाताने वाढवता येते, पॅस्कलची नाही. बंदिस्त ड्रायव्हरची ५८० मालिका पॅस्कलसाठी शेवटची असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले.

१०/ खुलेपणा म्हणजे अमरत्व नव्हे. २०२२ मध्ये मेसाने काही जुने ड्रायव्हर ‘अँबर’ या वेगळ्या शाखेत हलवले. २०२३ च्या कर्नल ६.३ मधून वूडू, रेज १२८ यांसारख्या कार्डांचे जुने थ्रीडी ड्रायव्हर वगळले गेले. मात्र त्यांचा कोड आजही उपलब्ध आहे. ज्याच्याकडे कार्ड, वेळ आणि चिकाटी आहे, तो ते काम पुन्हा हाती घेऊ शकतो. बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत ती मुभा फक्त कंपनीला असते.

(समाप्त)