‘कच्चा कैदी’ म्हणजे छोटा गुन्हेगार नव्हे! ‘कच्चा’ हा शब्द नेमका कसा वापरतात?

बातमीत ‘कच्चा कैदी’ असं वाचलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? किरकोळ चोरीत पकडलेला, चार दिवसांत सुटणारा कुणीतरी? बऱ्याच जणांचा असाच समज असतो आणि पोस्टखालच्या प्रतिक्रियाही त्याच समजातून लिहिल्या जातात. प्रत्यक्षात ज्याचा खटला अजून संपलेला नाही, ज्याच्यावरचा गुन्हा न्यायालयात सिद्ध झालेला नाही, पण जो तुरुंगात आहे, तो कच्चा कैदी. आरोप खुनाचा असला तरी तो कच्चाच. दोषी ठरून शिक्षा लागली की मग तो पक्का. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे होते. म्हणजे या शब्दाचा अर्थ चुकला की लाखो माणसांना आपण निकालाआधीच गुन्हेगार ठरवून मोकळे होतो.

इथे ‘कच्चा’ माणसाबद्दल काहीच सांगत नाही, प्रक्रियेबद्दल सांगतो. काम अजून व्हायचं आहे, एवढंच. कच्चा माल, कच्ची पावती, कच्चा आराखडा, कच्ची कैरी यांतही कुणाचा दोष नसतो. या शब्दाचा जोडीदार ‘पक्का’ आला संस्कृत ‘पक्व’वरून. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘पच्’ धातूत शिजणं आणि पिकणं असे दोन्ही अर्थ आहेत. ‘परिपक्व’ आणि ‘अपरिपक्व’ही त्याच घरातले.

माणसाबद्दल लिहितानासुद्धा ‘कच्चा’ सहसा मर्यादेत राहतो. ‘ती गणितात कच्ची आहे’ असं आपण म्हणतो. नुसतं ‘ती कच्ची आहे’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कशात? ‘अपरिपक्व’चं तसं नाही. तो शब्द अख्ख्या माणसाच्या समजेवर शिक्का मारतो. अग्रलेखांना तो फार आवडतो, कारण शिवी न देता शिवी देता येते! ‘पोरकट’ आणि ‘बालिश’ हे मोठ्यांच्या वागण्याला लावायचे शब्द. पाच वर्षांच्या पोराला कुणी पोरकट म्हणत नाही. ‘अर्धवट’ मात्र जपून वापरावा. काम अर्धवट राहिलं, हे ठीक. माणूस अर्धवट म्हटला की थेट त्याच्या बुद्धीवर घाव.

इंग्रजीतून भाषांतर करणारे इथे हमखास घसरतात. इंग्रजीत अननुभवी माणसाला ‘हिरवा’ म्हणतात. मराठीत मात्र एखाद्या आजोबांना ‘हिरवट’ म्हटलंत तर त्याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यांत सर्वांत प्रेमळ प्रयोग गल्लीतल्या खेळांमधला आहे: कच्चं लिंबू. मोठ्या मुलांच्या लपंडावात शेजारचं चार वर्षांचं पोर हट्टाने शिरतं. त्याला हाकलायचंही नसतं आणि त्याच्यावर राज्यही आणायचं नसतं. मग ते कच्चं लिंबू. बाद झालं तरी बाद नाही, पण खेळात आहे. २०१७ साली प्रसाद ओक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कच्चा लिंबू’ या चित्रपटाचं नाव याच खेळातलं. शरीराने वाढलेल्या पण मनाने लहानच राहिलेल्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची ही गोष्ट जयवंत दळवी यांच्या ‘ऋणानुबंध’ या कादंबरीवर आधारलेली आहे. त्या मुलासाठी ‘अर्धवट’ हा शब्द समाजाकडे तयारच होता. शीर्षकाने तो टाळला.

जाता जाता लिहिण्यातल्या दोन चुका. ‘कच्चा रस्त्यावरून’ नव्हे, ‘कच्च्या रस्त्यावरून’. ‘कच्चा कैद्यांना’ नव्हे, ‘कच्च्या कैद्यांना’. आणि ‘च्च’च्या जागी ‘च्छ’ टाइप होत नाही ना, हे पोस्ट करण्याआधी एकदा बघाच. ‘कच्छा’ अंगात घालतात.