वाढीव पाटा

नवी पिकअप शोरूममधून निघते. हार चढतो, नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं. आणि बऱ्याचदा पहिला माल भरायच्या आधीच ती गाडी मार्केट यार्डाच्या रस्त्यावरच्या पाटेवाल्याकडे जाते. पत्र्याची शेड, भट्टी, ऐरण, भिंतीला टेकवलेली काळ्या वाकड्या पट्ट्यांची चळत. गाडी जॅकवर चढते, मागचे यू-बोल्ट सुटतात, कंपनीने दिलेल्या पाट्यांना एक-दोन जाड पाट्यांची जोड मिळते आणि बोल्ट पुन्हा आवळले जातात. गाडी खाली उतरते तेव्हा तिचा मागचा भाग चार बोटं वर उचललेला असतो. मालक दोन पावलं मागे सरकून बघतो आणि खूश होतो. कारण त्याच्या लेखी गाडी आता कुठे ‘कामाची’ झालेली असते.

पाटा कधी नीट पाहिला नसेल, तर उभ्या पिकअपच्या मागच्या चाकाजवळ वाकून बघा. स्टीलच्या लांब, किंचित वाकलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. सर्वांत लांब पट्टी वर, खाली उतरत्या लांबीच्या. हीच कमान. शेजारी तिरकी बसवलेली नळी दिसेल, तो शॉकअप. बरेच जण समजतात की वजन शॉकअप पेलतो. तसं नाही. वजन पेलतो तो पाटा. खड्ड्यातून गेल्यावर पाटा दबतो, उसळतो, पुन्हा दबतो. त्याला स्वतःहून थांबता येत नाही. शॉकअपच्या आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, उसळीची ताकद उष्णतेत जिरते आणि गाडी शांत होते. एक पेलतो, दुसरा आवरतो.

पाट्याचं आणखी एक काम असतं, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. तो वजन सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा आठवा: जितकं वजन, तितका ताण. रॉबर्ट हूकने हा नियम १६७८मध्ये छापला. ट्रकखालचा पाटा म्हणजे उलटा टांगलेला ताणकाटाच. जुने ड्रायव्हर वजनकाट्यावर न जाता फक्त पाट्याकडे बघून सांगतात, गाडी भरली की नाही. कमान सरळ व्हायला आली की थांबायचं. वाढीव पाट्याची गोष्ट खरं तर या काट्याचं तोंड बंद करण्याची गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे सुरू झालेली नाही.

लंडनच्या ओबाडाया एलियटने १८०४च्या सुमारास घोडागाडीसाठी लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या बग्ग्यांना पुढच्या-मागच्या आसांना जोडणारा जाडजूड लाकडी दांडा लागायचा. एलियटच्या कमानींमुळे तो काढता आला आणि गाडी हलकी झाली. म्हणजे सुरुवातीला कमान आली ती वजन कमी करायला आणि प्रवाशांची हाडं वाचवायला. जास्त माल लादण्याचं साधन ती नंतर झाली, आणि यात मोठा वाटा अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा.

१९०८मध्ये हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. पुढे एक आडवी कमान, मागे एक आडवी कमान, बस्स. गाडी माणसांसाठी होती. पण शेतकऱ्याच्या घरात एकच गाडी असेल तर ती फक्त माणसांसाठी कशी राहील? मागची सीट काढून लोकांनी दुधाचे कॅन, धान्याची पोती, डुकरं भरायला सुरुवात केली. मागची कमान बसायला लागली, तसा तिच्यावर उपाय विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. शिकागोची ‘स्मिथ फॉर्म-अ-ट्रक’ ही कंपनी मोटारीचा ट्रक करायचा संचच विकायची. इंडियानापोलिसच्या हॅसलर कंपनीचे ‘शॉक ॲब्सॉर्बर’ तर फोर्डवाल्यांत घरोघरी माहीत होते. गंमत म्हणजे हॅसलरचा माल शॉक ॲब्सॉर्बर नव्हताच. त्या मूळ कमानीला मदत करणाऱ्या शंकूसारख्या गुंडाळी स्प्रिंगा होत्या. पेलणारा आणि आवरणारा यांच्यातला गोंधळ इतका जुना आहे, आणि जाहिरातवाल्यांनी तो तेव्हापासून जपला आहे.

खरा आवरणारा वेगळ्या वाटेने येत होता. फ्रान्समध्ये ज्यूल त्रुफो याने घर्षणावर चालणारा शॉकअप बनवला आणि अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डने तो विकायला घेतला. घासणाऱ्या चकत्यांची जागा पुढे तेलाने घेतली. पण हा सगळा खेळ आधी शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या गाड्यांचा. मालवाहू गाडीला शॉकअपची चैन कशाला, असा समज बरीच वर्षं टिकला. त्यात थोडं तथ्यही होतं: जाड पाट्यांची चळत एकमेकींवर घासते आणि त्या घर्षणातच बरीचशी उसळी मरते.

फोर्ड कंपनी हे सगळं बघत होती. १९१७मध्ये तिने मॉडेल टीटी हा एक टनाचा ट्रक काढला. आणि एप्रिल १९२५मध्ये आली ‘मॉडेल टी रनअबाउट विथ पिक-अप बॉडी’. किंमत २८१ डॉलर. फोर्डची ही कारखान्यातून तयार होऊन आलेली पहिली पिकअप. तिच्यात वेगळं काय होतं? मागे मालाचा हौदा, वरखाली होणारा फाळका, कडेला दांडे खोवायच्या खोबणी आणि मागे जास्त दमाच्या कमानी. म्हणजे लोक गल्लीतल्या लोहाराकडून जे करून घेत होते, तेच कंपनीने कारखान्यात केलं. पिकअप नावाची गाडी जन्मली तीच वाढीव पाटा घेऊन.

पुढचं दशक आलं ते धुळीच्या वादळांचं. ओक्लाहोमा आणि आसपासची कुटुंबं सगळा संसार गाडीवर बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली. डोरोथिया लँगच्या फोटोंतल्या त्या गाड्या तुम्ही पाहिल्या असतील: गाद्या, भांडी, पोरं, सगळं एकावर एक. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये (१९३९) जोड कुटुंबाची गाडी म्हणजे कापून ट्रक केलेली हडसन सुपर सिक्स सेडान. २१ वर्षांनी, १९६० साली, हाच स्टाइनबेक पाऊण टनाच्या नव्या जीएमसी पिकअपवर छोटं घर बसवून, कुत्र्याला बरोबर घेऊन देश बघायला निघाला. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’मध्ये तो सांगतो की त्याने दीडशे पौंड, म्हणजे जवळपास ६८ किलो पुस्तकं भरली होती, अशी पुस्तकं, जी वाचायची राहिलेली असतात आणि राहणारच असतात. पुढे ओरेगॉनमध्ये, पावसात, एका रविवारी त्याचा मागचा टायर फुटला. ज्याने अतिभाराची कादंबरी लिहिली, त्यालाही आपल्या गाडीत काय काय भरलंय हे टायरकडून कळलं! वजन नेहमी सर्वांत कच्ची जागा शोधतं. पाटा मजबूत असेल तर टायर, टायर मजबूत असेल तर ॲक्सल, ॲक्सल टिकला तर चेसिस.

आता परत आपल्याकडे. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस बजाज टेम्पोची तीनचाकी जर्मन तंत्रज्ञानावर आली आणि कंपनीचं नाव मराठीत जातिवाचक होऊन बसलं. अजूनही आपण कुठल्याही मालवाहू गाडीला टेम्पो म्हणतो. मग मॅटाडोर आली. ऐंशीच्या दशकात हलक्या ट्रकांच्या बाजारात चार जपानी भागीदाऱ्या उतरल्या: टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी. त्यांच्यासमोर १९८६मध्ये टाटांनी ४०७ आणली. जपानी गाड्या चालवायला सुखाच्या होत्या, पण ४०७ची ख्याती एका शब्दाची होती: ‘सोसते’. कागदावर लिहिलेल्यापेक्षा जास्त भरलं तरी सोसते. आपल्या बाजारात गाडी निवडताना हा शब्द मायलेजच्या तोडीचा आहे.

मे २००५मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती. दोन सिलिंडर, पाऊण टन माल. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात राज्यांना बजावलं की दंड घेऊन अतिभारित गाडी तशीच पुढे सोडणं चालणार नाही. जादा माल उतरवलाच पाहिजे. मोठ्या ट्रकवर टाच आली आणि छोट्या गाड्यांना बरे दिवस आले. पण छोट्या गाडीच्या मालकाचं गणित तरी वेगळं कुठे होतं?

ते गणित मांडूनच बघू. समजा पिकअपची कागदावरची क्षमता दीड टन. टोमॅटोचं एक कॅरेट साधारण २० किलोचं. म्हणजे ७५ कॅरेट. आता वाढीव पाट्यावर ११० भरले. डिझेल थोडंसंच जास्त, टोल तेवढाच, ड्रायव्हर तोच. वरच्या ३५ कॅरेटचं भाडं जवळजवळ सगळं खिशात, आणि गाडीचा हप्ता बहुतेक त्याच ३५ कॅरेटमधून जातो. याला नुसती हाव म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. भाडं ठरवणारा व्यापारी शेजारच्या ११० कॅरेटवाल्याच्या हिशोबाने दर लावतो. ७५ भरणारा प्रामाणिक माणूस त्या दरात टिकत नाही. सप्टेंबर २०१९पासून अतिभाराचा दंड वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार झाला. पण हप्ता दर महिन्याला ठरलेला, दंड मात्र पकडले गेलात तरच.

सरकारनेही एकदा पाटा टाकला आहे, कागदावर. जुलै २०१८मध्ये ट्रकच्या चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. रस्त्याला मात्र कागद वाचता येत नाही. १९५८ ते ६०मध्ये इलिनॉयमधल्या ओटावा इथे अमेरिकनांनी मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून हिशोब काढला होता: ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट होतं.

पण माझी खरी काळजी रस्त्याची नाही, पाट्याचीच आहे. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. तशाच आठ पाट्यांत नववा टाकला तर ताठरपणा आठव्या हिश्श्याने वाढेल. पण एकच पाटा दुप्पट जाडीचा घेतला तर तो एकटा आठांच्या बरोबरीचा. म्हणून पाटेवाला जाड पाटा निवडतो, आणि तिथेच फसगत होते: सगळे पाटे सारखेच वाकले तरी जाड पाट्याला ताण जास्त बसतो. तुटायची वेळ आली की अनेकदा तोच आधी तुटतो. रिकाम्या गाडीत मात्र तो वाकतच नाही. गाडी दगडासारखी आदळते आणि ड्रायव्हरच्या कमरेचे मणके पाट्याचं काम करतात. नव्या उसळीला आवरायला शॉकअपही त्याच दमाचा हवा. तो बदलायचा खर्च किती जण करतात, हे तुम्हीच एखाद्या पाटेवाल्याला विचारा. अमेरिकेतले पिकअपवाले तरी दाराच्या चौकटीवरची वजनाची पट्टी दाखवून एकमेकांना सांगत असतात की स्प्रिंग बदलली म्हणून हा आकडा बदलत नाही. आपल्याकडे तो आकडा आरसी बुकात असतो.

आणि मग ती दांडी. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या एका छोट्या वॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी गेलेली असते. गाडी भरली की चेसिस खाली बसते, दांडी फिरते आणि वॉल्व्हला कळतं की मागे वजन आलंय; तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. म्हणजे ब्रेकसुद्धा त्याच ताणकाट्यावरून वजन वाचतो. वाढीव पाट्याने चेसिस वर उचलली की भरलेल्या गाडीतही दांडी सांगते, गाडी हलकी आहे. वॉल्व्ह तिच्यावर विश्वास ठेवतो. ११० कॅरेट भरलेली असतात आणि मागच्या ब्रेकला दाब मिळतो कमी मालाचा.

देशावरचा माल मुंबईला जातो तो उतारानेच. नाशिककडून कसारा, जुन्नरकडून माळशेज, पुण्याकडून बोरघाट. गाडी चढते ती बहुतेक रिकामी, उतरते ती भरलेली, बऱ्याचदा पहाटे तीन-चारला, वाशीचा बाजार गाठायच्या घाईत. वळणावर ड्रायव्हर पायाने ब्रेक दाबतो, पुढच्या चाकांतून जळका वास येतो, मागची चाकं अर्धाच जोर लावतात. त्याला वाटतं लायनर गेले. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजला लायनर बदलून घेतो, पैसे देतो आणि पुन्हा माल भरायला जातो. पाटा टाकल्यावर ती दांडी वॉल्व्हला नव्याने जुळवावी लागते; ते पान्याने होणारं काम आहे. गाडीखाली वाकलाच आहात तर तेवढं बघून घ्या.