सर्व्हर चालू, पण बाहेरून उघडत नाही? डिफॉल्ट गेटवे आणि राउटिंग असं तपासा

जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर स्वतःचा सर्व्हर चालवणारे आता बरेच जण आहेत. कुणी त्यावर माइनक्राफ्ट चालवतं, कुणी घरातले फोटो ठेवतं, कुणी क्लासच्या नोट्स आणि हजेरी. आणि मग एक दिवस तक्रार येते: घरातल्या वाय-फायवरून सगळं झकास उघडतं, मोबाईल डेटावरून मात्र काहीच नाही. किंवा सर्व्हरवर अपडेट घ्यायला गेलं की कर्सर नुसता लुकलुकत बसतो.

अशा वेळी लोक आधी राउटर बंद-चालू करतात, मग केबल बदलतात, आणि शेवटी वैतागून ऑपरेटिंग सिस्टमच नव्याने टाकतात. त्यात नीट बॅकअप नसेल तर फोटो आणि नोट्सही जातात. बऱ्याचदा दोष सर्व्हरच्या राउटिंग टेबलमधल्या एखाद्या ओळीत असतो. ती ओळ कशी शोधायची ते बघूया.

एक सूचना आधीच: कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाका. आणि मी मुद्दाम 'राउट' लिहितोय, 'रूट' नाही. लिनक्समध्ये रूट म्हणजे ॲडमिन युजर, त्यामुळे उगाच घोळ होतो.

डिफॉल्ट गेटवे म्हणजे नेमकं काय?

तुमच्या फोनमध्येही तो आहे. अँड्रॉइडमध्ये वाय-फाय सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नेटवर्कचे तपशील उघडा, तिथे गेटवे दिसेल. आयफोनमध्ये त्याच जागी 'राउटर' असं लिहिलेलं असतं. घरी हा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो.

सोसायटीत आपल्याच विंगमध्ये डबा द्यायचा असेल तर आपण स्वतः जिन्याने जातो. बाहेर जायचं असेल तर आधी गेटवर यावं लागतं. कॉम्प्युटरही तसंच करतो. समोरचा पत्ता आपल्या विंगमधला आहे की बाहेरचा, हे तो सबनेट मास्क बघून ठरवतो. सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि मास्क /२४ असेल, तर पहिले तीन आकडे जुळणारे सगळे शेजारी. त्यांच्याकडे पॅकेट थेट जातं. बाकी सगळी दुनिया गेटवेच्या हवाली.

आता मुख्य मुद्दा. सर्व्हरचं काम फक्त पॅकेट घेणं नाही, उत्तर पाठवणंही आहे. आणि पॅकेट ज्या दाराने आत आलं त्याच दाराने उत्तर बाहेर जाईल, अशी कुठलीही हमी नसते. उत्तर निघताना सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून स्वतःचं टेबल बघतो. गेटवेची ओळच नसेल, तर बाहेरून आलेली रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोचते आणि उत्तर मात्र जागच्या जागी मरतं. घरातल्या फोनला ते मिळतं, कारण तो शेजारी आहे, त्याला गेटवे लागतच नाही. 'घरात चालतं, बाहेरून नाही' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे.

टेबल वाचायचं कसं?

लिनक्सवर 'आयपी राउट' ही कमांड द्या. विंडोजवर 'राउट प्रिंट'. लिनक्सवर साधारण अशा दोन ओळी दिसल्या पाहिजेत:

डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह ईथ० मेट्रिक १००
१९२.१६८.१.०/२४ डेव्ह ईथ० मेट्रिक १००

दुसरी ओळ म्हणजे आपली विंग. पहिली म्हणजे 'बाकी सगळं या गेटने'. 'डेव्ह'च्या पुढे कुठलं नेटवर्क कार्ड वापरायचं ते असतं. तुमच्याकडे त्याचं नाव वेगळं असेल, त्याने फरक पडत नाही. विंडोजमध्ये डिफॉल्टची ओळ ०.०.०.० अशी दिसते.

ओळी जास्त असतील तर कुठली लागू होते? जी सगळ्यात नेमकी असेल ती. /२४ ही /१६ पेक्षा नेमकी, आणि डिफॉल्ट ही सगळ्यात ढोबळ, म्हणजे दुसरं काहीच जुळलं नाही तरच तिचा नंबर. हा नियम किती ताकदीचा आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला जगाने बघितलं. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं. यूट्यूब तेव्हा २०८.६५.१५२.०/२२ असा मोठा पट्टा जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ हा छोटा पट्टा 'आमच्याकडे आहे' असं जाहीर केलं, आणि ते देशाबाहेरही पसरलं. छोटा पट्टा जास्त नेमका, म्हणून जगभरच्या राउटरनी तोच खरा मानला. साधारण दोन तास अनेक देशांत यूट्यूब गायब होतं. तुमच्या घरातल्या सर्व्हरवर हाच नियम चालतो, फक्त नुकसान लहान.

व्हीपीएनवाले हीच युक्ती वापरतात. ओपनव्हीपीएन बऱ्याचदा जुना डिफॉल्ट तसाच ठेवतो आणि ०.०.०.०/१ व १२८.०.०.०/१ अशा दोन ओळी घालतो. या दोन मिळून सगळं इंटरनेट होतं, आणि दोन्ही डिफॉल्टपेक्षा नेमक्या. त्यामुळे टेबलमध्ये डिफॉल्ट अगदी बरोबर दिसतो, पण त्याला कुणी विचारत नाही. सर्व्हरवर व्हीपीएन टाकल्यापासून बाहेरून उघडणं बंद झालं असेल तर आधी या दोन ओळी शोधा.

डोळ्यांनी ताळा करत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारलेलं बरं. 'आयपी राउट गेट ८.८.८.८' असं टाकलं की या पत्त्यासाठी तो कुठल्या गेटवेने, कुठल्या कार्डवरून आणि स्वतःचा कुठला पत्ता लावून निघेल, हे एका ओळीत सांगतो. माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात उपयोगी कमांड आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही.

पिंग काय सांगतो, ते नीट ऐका

आधी सर्व्हरचा स्वतःचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. मग गेटवेचा विचार नंतर, आधी केबल आणि डीएचसीपी. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला पिंग करा, मग ८.८.८.८ ला, मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर राउटिंग ठीक आहे, डीएनएस बघा. इथे बरेच जण गेटवे बदलत बसतात आणि चालू असलेलंही बिघडवतात.

पिंग फेल झाला की 'नेट नाही' म्हणून विंडो बंद करू नका. तो कसा फेल झाला यात अर्धं उत्तर असतं. 'नेटवर्क इज अनरीचेबल' आलं तर टेबलमध्ये त्या पत्त्यासाठी ओळच नाही, पॅकेट निघालंच नाही. म्हणजे डिफॉल्ट गायब आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर त्याच्या आधी 'फ्रॉम' म्हणून कुणाचा पत्ता आहे ते बघा. सर्व्हरचा स्वतःचाच असेल तर ओळ आहे, पण त्या गेटवेच्या पत्त्यावर कुणी 'हो, मी आहे' म्हणत नाहीये. राउटर बदलला आणि नव्याचा पत्ता १९२.१६८.०.१ झाला, पण सर्व्हरवर जुना १९२.१६८.१.१ हाताने लिहून ठेवलाय, तर हेच दिसतं. 'फ्रॉम'मध्ये राउटरचा पत्ता असेल तर सर्व्हरची बाजू ठीक आहे, अडचण त्याच्या पुढे आहे. आणि काहीच न छापता नुसती शांतता असेल, तर पॅकेट बहुधा गेलं, उत्तर परत आलं नाही.

एक पोटनियम: काही राउटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. शंका आली तर 'आयपी नेबर' बघा. गेटवेच्या पत्त्यापुढे मॅक ॲड्रेस दिसत असेल तर तो जिवंत आहे. 'फेल्ड' असेल तर नाही.

दोन गेटवे: सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार

समजा एका क्लासमध्ये सर्व्हरला दोन केबल लावल्यात. एक फायबर राउटरला, पत्ता १९२.१६८.१.५०. दुसरी सीसीटीव्हीच्या स्विचला, पत्ता १९२.१६८.१०.५०, कारण रेकॉर्डिंग याच मशीनवर ठेवायचंय. दुसऱ्या कार्डचा फॉर्म भरताना गेटवेचा रकाना रिकामा दिसला, म्हणून कुणीतरी त्यात १९२.१६८.१०.१ भरून टाकलं. रिकामा रकाना दिसला की भरायचा, ही आपली शाळेपासूनची सवय.

आता टेबलमध्ये डिफॉल्ट दोन. कुठला जिंकेल? ज्याचा मेट्रिक कमी तो. नेटवर्क मॅनेजर साधारणपणे केबलला १०० आणि वाय-फायला ६०० देतो. पण कमांडने हाताने घातलेल्या ओळीत मेट्रिक लिहिलाच नसेल तर लिनक्स तो ० धरतो, म्हणजे तीच सगळ्यात वर. दोन्ही मेट्रिक सारखेच असतील तर काम आज चालतं, रीस्टार्टनंतर बंद पडतं, परवा पुन्हा चालतं, असा लपंडाव सुरू होतो. विंडोज तर दोन गेटवे भरायला गेलं की स्वतःहून इशारा देतो. आपण तो न वाचता ओके दाबतो.

सीसीटीव्हीचा गेटवे जिंकला तर बाहेर जाणारं प्रत्येक उत्तर अशा डब्याकडे जातं ज्याला इंटरनेटच माहीत नाही. दोन्ही बाजूला खरं इंटरनेट असेल, समजा दुसरीकडे फोनचा हॉटस्पॉट, तर प्रकार आणखी फसवा होतो. रिक्वेस्ट फायबरने आली, उत्तर हॉटस्पॉटने निघालं. वाटेत त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलला, किंवा ते तिथेच टाकून दिलं गेलं. समोरचा फोन फायबरच्या पत्त्याकडून उत्तराची वाट बघतोय, दुसऱ्याच पत्त्याकडून आलेलं तो घेत नाही. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलेली असते, तरी आपण फायरवॉल चाळत बसतो.

उपाय सोपा आहे: डिफॉल्ट एकच ठेवा. सीसीटीव्हीचं नेटवर्क थेट जोडलेलं आहे, त्याला गेटवे लागतच नाही, रकाना रिकामा सोडा. त्या बाजूच्या राउटरमागे आणखी एखादं नेटवर्क असेल तर फक्त त्या पट्ट्यासाठी वेगळी ओळ घाला. नेटवर्क मॅनेजरमध्ये त्या कनेक्शनला 'आयपीव्ही४ डॉट नेव्हर-डिफॉल्ट' हे यस करून ठेवलं की ते पुन्हा कधी डिफॉल्ट व्हायला जात नाही. दोन्ही इंटरनेट खरंच हवे असतील तर 'आयपी रूल' वापरून प्रत्येक पत्त्यासाठी वेगळं टेबल करावं लागतं. अँड्रॉइड आतून हेच करतो, प्रत्येक नेटवर्कला वेगळं टेबल. साध्या लिनक्सवर ते आपण लिहावं लागतं.

मास्कची चूक यापेक्षा शांत असते. /२४ च्या जागी /१६ पडलं तर सर्व्हरला १९२.१६८.५.२० हा शेजारी वाटतो. तो गेटवेकडे न जाता त्याला थेट हाका मारत बसतो. इंटरनेट चालतं, फक्त दुसऱ्या मजल्यावरची लॅब दिसत नाही. डॉकरचंही असंच: तो सहसा १७२.१७.०.०/१६ हा पट्टा स्वतःसाठी घेतो. कॉलेजचं नेटवर्क त्याच पट्ट्यात असेल तर डॉकर टाकल्या दिवसापासून काही मशीन गायब.

दुरुस्ती करताना स्वतःलाच बाहेर कोंडू नका

तुम्ही हॉस्टेलवर आणि सर्व्हर गावी असेल, तर चुकीचा गेटवे टाकून एंटर दाबल्या क्षणी तुमचं एसएसएच तुटतं. मग कुणीतरी तिथे जाऊन स्क्रीन आणि कीबोर्ड लावेपर्यंत सगळं ठप्प. म्हणून आधी तात्पुरता बदल करा: 'सुडो आयपी राउट रिप्लेस डिफॉल्ट व्हाया' आणि पुढे नवा पत्ता. हा बदल रीस्टार्टनंतर टिकत नाही, आणि इथे तेच आपल्या फायद्याचं आहे. चुकलं तर घरच्यांना फोन करून 'बटण बंद करून चालू कर' एवढंच सांगायचं.

चालतंय अशी खात्री झाली की मग कायमचं. उबुंटू सर्व्हरवर ते नेटप्लॅनच्या फाइलमध्ये लिहितात. जुन्या व्हिडिओंमधलं 'गेटवे४' आता जुनं झालंय, त्याऐवजी 'राउट्स'खाली डिफॉल्ट द्या. आणि 'नेटप्लॅन अप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून होकार दिला नाही, तर तो जुनी सेटिंग परत आणतो. कनेक्शन तुटलं तर होकार देताच येत नाही, म्हणजे आपोआप सुटका. रास्पबेरी पायची सिस्टम २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्क मॅनेजर वापरते. त्यामुळे 'डीएचसीपीसीडी'ची फाइल बदला असं सांगणारे जुने व्हिडिओ तिथे उपयोगाचे नाहीत. विंडोजवर 'राउट ॲड'ला '-पी' जोडलं तरच ओळ कायम राहते.

आयपीव्ही६ चं टेबल वेगळं असतं, 'आयपी -६ राउट'. तिथला गेटवे बहुतेक वेळा 'एफई८०' ने सुरू होतो, तो चुकीचा समजून काढू नका.

सगळं बरोबर, तरीही बाहेरून उघडत नाही?

सर्व्हरवरून बाहेरचं सगळं उघडतं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगही केलंय, तरी मोबाईल डेटावरून सर्व्हर येत नाही, तर राउटरच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटलाय. बाहेरची रिक्वेस्ट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. अशा वेळी गेटवेची कितीही ओढाताण केली तरी उपयोग नाही. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा, त्याला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. नाहीतर आयपीव्ही६ मिळत असेल तर त्यावरून सर्व्हर उघडा, किंवा सर्व्हरनेच बाहेर जाऊन जोडलेला एखादा टनेल वापरा.